उतरायचं कोणी

मालगाडीचा शेवटचा डबा काचेसमोरून निघून गेला, तरी ड्रायव्हरचे दोन्ही पाय ब्रेकवरच होते. एक पाय पुरतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण दुसरा पाय निघायला तयार नव्हता. इंजिन बंद पडलं होतं. बसचं नाक रुळाच्या इतकं जवळ गेलं होतं, की डब्यांच्या वाऱ्याने वायपर अजून थरथरत होते.

मागे एका बाईच्या मांडीवरचा अंड्यांचा ट्रे वाचला होता आणि तिच्या शेजाऱ्याचा चष्मा वाचला नव्हता. शेवटच्या बाकावरचा म्हातारा झोपेतून उठून विचारत होता, "स्टॉप आला का?"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. दाराच्या पायरीवर कंडक्टर उभा होता. पत्र्यावर दोनदा थाप मारून 'चला' म्हणणारा त्याचा हात अजून पत्र्यालाच चिकटला होता. त्याच्या मागे, खिडकीशी, ड्रायव्हरची मुलगी बसली होती. ती कंडक्टरची सून. रोज सकाळी ती याच बसने कामावर जायची आणि रोज दोघेही तिच्याकडे एकदा तरी कौतुकाने बघायचे. आज दोघांनीही बघायचं टाळलं.

"व्याही, आत या," ड्रायव्हर म्हणाला. "पायरीवर उभे राहू नका. पडाल."

मरण असं समोरून निघून गेल्यावर माणसाच्या तोंडून शिवी निघते, नाहीतर देवाचं नाव. याच्या तोंडून 'व्याही' निघालं. खरं म्हणजे सगळी हकीकत तेवढ्यातच होती.

त्या रुळाला फाटक नव्हतं. डावीकडे एक बंद पडलेलं गोडाऊन रुळाला खेटून उभं होतं आणि त्याच्या भिंतीमुळे बसच्या सीटवरून, दारातून, अगदी टपावर चढलं तरी, त्या बाजूचं काही दिसत नसे. मालगाडीला वेळापत्रक नव्हतं. कारखान्यात माल तयार झाला की ती न कळवता येणाऱ्या पाहुण्यासारखी यायची. म्हणून नियम असा, की बस अलीकडे थांबवायची, कंडक्टरने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग हात करायचा. बस पार झाली की त्याने मागून चालत येऊन चढायचं.

एके काळी कंडक्टर हे काम झोकात करायचा.

"उतर रे राजा, रूळ आला!" ड्रायव्हर पुढून ओरडायचा.

"ओरडू नकोस, आंधळा नाही मी."

"तेच बघायला पाठवतोय!"

मग हा रुळाच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडे मान फिरवायचा, हात उंच करायचा आणि बस शेजारून जाताना तिच्या पाठीवर थाप मारायचा, म्हैस गोठ्यात घातल्यासारखी. प्रवाशांना त्याची इतकी सवय झाली होती, की ती थाप पडल्यावरच काहींची झोप लागत असे.

पुढे ड्रायव्हरची मुलगी कंडक्टरच्या मुलाला दिली. दोघांनी मिळूनच जमवलं. इतकी वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेलं, कोणाच्या घरी मीठ किती पडतं तेही ठाऊक. लग्नात मानपान झाले, फोटो झाले, कोणी रुसलं नाही. आणि सुट्टी संपवून ड्रायव्हर पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की मागे आता मित्र उभा नाही, मुलाचा बाप उभा आहे.

मुलाच्या बापाला 'उतर रे' कसं म्हणायचं? 'उतरा' म्हटलं तर हुकूम वाटायचा, 'उतरता का' म्हटलं तर विनवणी. हुकूम सोडला तर मुलीच्या खात्यावर चढेल, अशी त्याला धास्ती. शेवटी तो काहीच म्हणेनासा झाला. रूळ आला की बस थांबवायची आणि आरशात बघत बसायचं.

त्यात एक दिवस रुळाजवळ चिखल होता आणि कंडक्टरच्या पायात लग्नात मिळालेले बूट होते. बूट ड्रायव्हरनेच घेतलेले, स्वतःला कधी घेतले नसते असे. कंडक्टरने चिखलाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं.

"असू द्या, असू द्या," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला.

कंडक्टर पायरीवरूनच जरा वाकला, भिंतीकडे बघितलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. बस गेली. काही झालं नाही. काही होत नाही, हीच अशा गोष्टींची खोड. चिखल वाळला, बूट जुने झाले, पायरीवरची थाप तेवढी राहिली.

त्या सकाळच्या प्रकाराची मालगाडीच्या इंजिनवाल्याने स्टेशनात तक्रार केली आणि दुपारपर्यंत ती डेपोत पोचली. डेपोचे साहेब निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले. ते चिडण्याइतके सुद्धा ताजेतवाने नव्हते. त्यांनी दोघांना समोर उभं केलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"कंडक्टर उतरला होता का?"

दोघांनी एकदमच टेबलाकडे पाहिलं.

"उतरला असेल आणि तरी चुकीचा हात केला असेल, तर कंडक्टर घरी बसेल. उतरलाच नसेल आणि ड्रायव्हरने आपल्या मनाने गाडी घातली असेल, तर ड्रायव्हर घरी बसेल. मला एक नाव लागतं. वर दोन नावं पाठवली की ते मलाच तिसरा धरतात."

कंडक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ड्रायव्हर भिंतीवरच्या घड्याळाकडे. ते बंद होतं.

"तुम्ही नातेवाईक ना?" साहेब म्हणाले. "मग घरातच काय ते ठरवा. सोमवारी सकाळची फेरी आटोपली की येऊन सांगा. आणि एकच सांगा."

साहेबांनी आपल्या टेबलावरचं ओझं असं उचललं आणि दोघांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

घरी ड्रायव्हरच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती ओट्यावरचा एकच कोपरा पुसत राहिली.

"तुम्ही घ्या अंगावर," ती म्हणाली.

"नोकरी जाईल."

"दुसरी मिळेल. ट्रक चालवा, टेम्पो चालवा. तिला दुसरं सासर कुठून आणायचं आपण?"

"अगं, पण मी आपल्या मनाने नाही घातली गाडी. खाली न उतरता पत्र्यावर थाप त्याने मारली."

"माहीत आहे. मग काय, पोरीला जाऊन सांगणार, तुझ्या सासऱ्याची थाप खोटी? आणि तिने त्याच घरात त्यालाच वाढायचं?"

ड्रायव्हरला ही बाजू माहीत होती. बायकोच्या तोंडून ऐकल्यावर ती जास्त जड वाटली. रात्री तो उताणा पडून राहिला. डोळे मिटले की उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा आणि चादर ओढली जायची. "आता झोपेत तरी गाडी थांबवा," बायको कूस बदलून म्हणाली.

रविवारी दोघं मुलीच्या घरी गेली. जाताना फळं घेतली. रिकाम्या हाताने गेलं तर भांडायला आले असं दिसलं असतं. बाहेरच्या खोलीत पंखा हळू फिरत होता. जावई कामावर होता, नाहीतर तो उठून बाहेर तरी गेला असता. विहीणबाईंनी फळांची पिशवी हातात घेतली, तिचं वजन केलं, आणि आत न नेता टीपॉयवर ठेवली.

"कशाला उगाच," त्या म्हणाल्या.

"उगाच कुठे," ड्रायव्हरची बायको म्हणाली.

मग हवा, पाण्याची वेळ, शेजाऱ्यांच्या नव्या गाडीचा भोंगा, असं सगळं बोलून झालं. शेवटी कंडक्टरने घसा साफ केला.

"साहेबांना काय सांगायचं मग? तुम्ही म्हणाल तसं."

"छे छे," ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, तुम्ही ठरवा."

"मी कोण ठरवणार? तुम्ही मोठे."

मोठा तो फक्त आठेक महिन्यांनी होता, आणि एके काळी त्यावरून 'आजोबा' म्हणून चिडवणारा हाच. पण आता दोघेही एकमेकांना असा आग्रह करत होते, की दारातून कोणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, शेवटचा लाडू कोणी घ्यायचा यावर चाललंय.

"मला यातलं कळत नाही," विहीणबाई म्हणाल्या, म्हणजे त्यांना यातलं पुरतं कळत होतं. "पण ह्यांचे गुडघे किती दुखतात ते मी बघते. वर्षानुवर्षं चढायचं, उतरायचं. आणि गाडी काय कंडक्टर चालवतो का? स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याने बघायला नको?"

ड्रायव्हरच्या बायकोच्या हातातली बशी किंचित वाजली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. हे तीन शब्द काढायला तिला जे कष्ट पडले, ते तिने पुढे बरेच दिवस नवऱ्याला ऐकवलं.

मुलगी चहा घेऊन आली होती. ट्रे ठेवून ती तशीच उभी राहिली.

"अप्पा," तिने सासऱ्यांना विचारलं, "पायरीवरून भिंतीच्या पलीकडचं दिसतं का हो?"

लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती. लग्नानंतर घरच्यांसारखं अप्पा म्हणायला लागली. कंडक्टरने कप उचलला, तो गरम होता म्हणून परत ठेवला.

"अंदाज येतो," तो म्हणाला.

"आणि बाबा, तुम्हाला आरशात अप्पा दिसतात ना?"

"तू आत जा," तिची आईच म्हणाली. "चहात साखर बघ."

साखर सगळ्यांच्या चहात बरोबर होती. ती आत गेली. काही ठरलं नाही. उठताना विहीणबाई म्हणाल्या, "ठरवा काय ते तुम्ही पुरुषमाणसं," आणि मग फळांची पिशवी आत नेली.

मुलगी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आली. बायको पुढे गेल्याचं बघून ड्रायव्हर थांबला.

"तुला काही बोलतात का गं?"

"कोणीच काही बोलत नाही, बाबा. तोच तर त्रास आहे." तिने फाटकाची कडी वर-खाली केली. "त्या दिवशी माझ्या खिडकीतून इंजिनातला माणूस दिसला मला. तो काहीतरी दोन्ही हातांनी ओढत होता. तोंड उघडं होतं, पण आवाज भोंग्याचाच येत होता. रोज रात्री दिसतो."

ड्रायव्हरने कडी तिच्या हातातून घेऊन नीट बसवली. तो म्हणाला, "जेवत जा नीट."

सोमवारी बस नेहमीच्या वेळेला निघाली. मधे पाऊस होऊन गेला होता आणि काचा धूसर झाल्या होत्या. अंड्यांची बाई होती, शेवटच्या बाकावरचा म्हातारा होता, चष्मा फुटलेला गृहस्थ किलकिल्या डोळ्यांनी बघत बसला होता. मुलगी तिच्या खिडकीशी. तिकिटं काढताना कंडक्टर नेहमी एकदोघांची फिरकी घ्यायचा. आज नुसतीच चिमटीतून तिकिटं देत गेला.

गोडाऊनची भिंत दिसू लागली. ड्रायव्हरने गिअर खाली आणला, रुळाअलीकडे बस थांबवली आणि आरशात पाहिलं.

कंडक्टर दाराशी आला. पायरीवर उतरला. तिथेच थांबला.

आता पंचाईत अशी होती, की आज तो खाली उतरला असता तर 'उतरायचं माझं काम, आणि त्या दिवशी मी ते केलं नाही,' असं साऱ्या बससमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. तेही साहेबांकडे जायच्या तासभर आधी. आणि ड्रायव्हर स्वतः उतरला असता तर 'माझा तुमच्यावर भरवसा नाही,' असं व्याह्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं. थाप मारायची तर कंडक्टरचा हात उचलत नव्हता. थापेशिवाय निघायचं तर ड्रायव्हरचा पाय उचलत नव्हता.

इंजिन घुरघुरत राहिलं.

"अहो, झोप लागली का पुढे?" कोणीतरी म्हणालं.

"त्यांना नाही लागली, त्या दिवशी माझी उडाली ती अजून आली नाही," अंड्यांची बाई म्हणाली. दोघंचौघं हसली आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली, कारण हसण्यासारखं ते नव्हतं.

"जातंय का कोणी बघायला?" चष्मेवाला म्हणाला. "मला तर हातापलीकडचं दिसत नाही, नाहीतर मीच गेलो असतो."

ड्रायव्हर आरशात बघत होता. कंडक्टर भिंतीकडे बघत होता. दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्याने काहीतरी करावं आणि आपल्याला त्याचं काही वाटू नये.

तेवढ्यात खिडकीशी हालचाल झाली. मुलगी उठली. पर्स बाकावर ठेवली, जागा धरून ठेवावी तशी.

"अप्पा, जरा बाजूला व्हा."

कंडक्टर बाजूला झाला. ती पायरी उतरली. खाली चिखल होता. एका पावलाला चप्पल रुतली, तिने ती ओढून काढली आणि चालत राहिली. रुळापाशी थांबली नाही. दगडांवरून रुळाच्या मधोमध गेली आणि उभी राहिली. आधी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे, भिंतीच्या पलीकडे, बराच वेळ. काहीतरी दिसत असावं किंवा नसावं; बसमधून कोणालाच ते कळणार नव्हतं. मग तिने बसकडे तोंड करून हात वर केला.

लहानपणी सुट्टीत ती या बसने फिरायची तेव्हा काकांना असाच हात करताना बघायची. तितकाच उंच, बोटं जुळवून.

ड्रायव्हरने क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. आणि बस हलेना. इंजिनात काही बिघाड नव्हता. समोर रुळावर त्याची मुलगी उभी होती आणि तिने सांगितलं होतं, ये. तिच्या सांगण्यावर त्याला साऱ्या बसला पलीकडे न्यायचं होतं, आणि तिने नीट पाहिलं असेल का, हा प्रश्न त्याच्या पायात येऊन बसला होता. एवढे दिवस हा प्रश्न होता कुठे?

त्याने गिअर काढला, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. बस गप्प झाली. आपल्या बाजूचं दार उघडून तो खाली उतरला आणि चालत गेला.

"काय झालं बाबा? मी पाहिलंय."

"मला पण बघू दे."

तिने त्याला जागा करून दिली. दोन रुळांच्या मधून त्याने डावीकडे पाहिलं. भिंतीच्या पलीकडे रूळ थोडा सरळ जाऊन लगेच वळत होता. त्या वळणावरून आलेल्या माणसाला समोर बस दिसल्यावर काय करता येईल, हे ड्रायव्हर माणसाला हिशोब न मांडता कळतं. भोंगा वाजवता येईल. दोन्ही हातांनी काहीतरी ओढता येईल.

रूळ रिकामा होता. पाण्याने चकाकत होता.

मागे दगड वाजले. कंडक्टर येत होता, एक गुडघा जपत, चिखल चुकवायचा प्रयत्नही न करता. तो दोघांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही पाहिलं. उजवीकडे, डावीकडे. पुन्हा डावीकडे.

तिघं तशी उभी होती तेव्हा बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

"काय, काही सांडलंय का रुळावर?" म्हातारा ओरडला.

मुलीने चप्पल रुळावर घासून चिखल काढला. "उद्यापासून मी लवकरच्या बसने जाणार आहे," ती दोघांकडेही न बघता म्हणाली. "दुकान लवकर उघडायचंय." आणि पलीकडे जाऊन रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभी राहिली.

दोघे व्याही रुळावर उरले.

"साहेबांना मी सांगतो," ड्रायव्हर म्हणाला. "आरशात तुम्ही मला दिसत होता. उतरला नव्हता, तेही दिसत होतं. तरी गाडी मी घातली."

कंडक्टरने मान हलवली. "मी उतरलो नव्हतो, ते मी सांगतो."

"त्यांना एकच नाव हवंय."

"मग त्यांनीच ठरवावं. तेवढ्यासाठी खुर्ची आहे त्यांना."

ड्रायव्हरची नजर खाली गेली. लग्नातले ते बूट चिखलाने पार भरले होते, लेसपर्यंत. त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"अहो, बूट—"

"बूट काय?" कंडक्टर म्हणाला. "चालायलाच दिले होतेस ना?"

त्याने पुन्हा एकदा डावीकडे पाहिलं. "जा, गाडी आण. मी उभा आहे."

ड्रायव्हर परत बसमध्ये चढला. चावी फिरवली. समोर हात वर गेला. त्याने तो पाहिला, मग काच खाली करून, डोकं बाहेर काढून, रूळ दिसला तितका स्वतःही पाहिला, आणि बस हळूहळू पुढे घेतली. चाकं रुळांवरून गेली. बसचं शेपूट पार झालं तेव्हा मागच्या पत्र्यावर थाप पडली.

शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.